निळा सर, हिरवा सर

लाल कड्याखालच्या, अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या या वस्तीत बायकांच्या गळ्यातल्या पिरोजाच्या माळेला तळाशी दोन लहान सर बांधलेले असतात. एक निळा, दुसरा हिरवट. दोन्हींच्या मधोमध लाल पोवळी. पाहुण्यांना वाटते, जोडी जुळवताना कारागिराची चूक झाली. मग वस्तीतले वृद्ध कारागीर हाजबा नावाच्या बाईची गोष्ट सांगतात.

पूर्वी हे सर कानात घालीत, म्हणे. हाजबाने आपल्या जोडीतला एक लेकीच्या कानात घातला. त्याच उन्हाळ्यात माणसे पळवून विकणाऱ्यांनी ती चिमुरडी मेंढ्यांमागून उचलून नेली. उरलेला सर हाजबाने हरणाच्या कातड्यात गुंडाळून ठेवला.

बऱ्याच वर्षांनी, बर्फ पडत असताना, एक तरुणी वस्तीत आली. तिला इथली भाषा धड बोलता येत नव्हती. कानात सर होता, पण हिरवा. हाजबाने आपला काढला; तो होता तसाच निळा.

हाजबाचा थोरला भाऊ हास्की वस्तीचा प्रमुख. मागे अशाच एका पोरीला आसरा दिला, तेव्हा तिच्या मागोमाग लुटारू आले होते. तो म्हणाला, घामाने पिरोजा वरून हिरवा पडतो, आतून निळाच राहतो. एक मणी फोडू. आतही हिरवा निघाला तर ही परकी. हिने आत्ताच निघायचे.

त्या बर्फात निघणे म्हणजे मरण. तरुणीने सर काढून दिला. हास्कीने मणी दगडावर ठेवून हातोडा उचलला. हाजबा पोरीचे डोळे न्याहाळत होती. ते ओळखीचे वाटत, आणि पुढच्याच क्षणी वाटेनासे होत. मणी आतूनही हिरवा निघाला, तर लेक दुसऱ्यांदा जाणार होती. असे सांगतात की, तिने मण्यावर आपला तळहात ठेवला.

"हात काढ, बाई. मागून रडशील."

"दादा, पोर कुठं कुठं राबली, किती घामेजली, ते वरूनच दिसतंय. आत काय आहे ते मला नको दाखवूस."

"आणि लुटारू आले तर?"

"तर तू आहेस ना."

 हास्की हातोडा खाली ठेवून, धनुष्य घेऊन दाराशी जाऊन बसला. कुणीच आले नाही. हाजबाने दोन्ही सर आपल्या माळेला बांधले आणि ती माळ पोरीच्या गळ्यात घातली.

आजही इथे आई लेकीसाठी माळ करते, तेव्हा त्यातला एक सर हिरवा पडेपर्यंत वर्षानुवर्षे स्वतःच्या अंगावर वागवते. पाहुणे हटकून विचारतात, ती पोर हाजबाची खरी लेक होती का? म्हातारे हातातले काम थांबवीत नाहीत.

"आमच्यात कूळ आईकडून चालतं," ते म्हणतात, "आणि ही अख्खी वस्ती त्या पोरीचंच कूळ आहे."