बुडालेल्या गावाच्या वाटा

नकाशे वाचण्यात सारी हयात घालवलेले एक वृद्ध अभ्यासक एका शहरात राहत असत. शहर कोणते ते विचारू नका, त्याने आपले काही अडत नाही. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी सार्वजनिक ग्रंथालयाच्या नकाशा-दालनात येऊन बसत आणि संशोधनासाठी आलेल्या कोणालाही नकाशा कसा वाचावा ते शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत.

त्यांच्याकडे एकदा हेमांगी नावाची एक विद्यार्थिनी आली. धरणाखाली गेलेल्या गावांवर ती प्रबंध लिहीत होती. प्रबंध हे आपले लोकांना सांगायला. खरे कारण घरी खाटेवर बसलेले होते. तिच्या आईचे माहेर, हिरडदरे नावाचे डोंगरातले गाव, फार वर्षांपूर्वी धरणात बुडाले होते. आता म्हातारपणी आईची स्मृती विरत चालली होती. संध्याकाळ झाली की ती उंबऱ्यापाशी येई आणि विचारी, "हेमा, मला माहेरी कधी नेतेस गं?" गाव राहिले नाही असे खरे सांगावे, तर ती जणू प्रथमच ऐकते आहे अशी रडत असे. उद्या जाऊ म्हणावे, तर रात्रीच पिशवी भरून ठेवी. हेमांगीचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. सरांना मात्र तिने हे सारे सांगून टाकले.

ग्रंथालयातल्या रुंद, बसक्या खणांमधून धरणाआधीचा एक जुना नकाशा निघाला. हेमांगीने गावांच्या सूचीत नाव शोधले, नकाशाच्या चौकटी जुळवल्या, आणि डोंगरांच्या बेचक्यात बारीक अक्षरांतले हिरडदरे तिला दिसले. तिचे डोळे भरून आले.

"सापडलं, सर. आता याची प्रत काढून आईच्या हातात देते. निदान आहे तरी, असं तिला वाटेल."

सरांनी एक कोरा कागद घडी करून नेमका हिरडदऱ्यावर ठेवला.

"आता बघ," ते म्हणाले.

"काय बघू, सर? जे बघायचं तेच तुम्ही झाकलंत."

"उरलेलं बघ. मी सांगेपर्यंत कागद उचलायचा नाही."

तुम्हीआम्ही असतो तर उठून गेलो असतो. हेमांगीलाही राग आला, आणि तो तिने लपवला नाही. "सर, माझ्या आईजवळ फार दिवस उरलेले नाहीत. तुम्ही मला धडे कसले देता?"

"दिवस थोडे आहेत म्हणूनच," सर म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसले.

मग ती निरुपायाने उरलेला नकाशा पाहू लागली. आधी डोंगरउतारांच्या रेषांचे नुसते जाळे दिसले. हळूहळू त्या जाळ्यातून तुटक रेघा वेगळ्या होऊ लागल्या. त्या पायवाटा होत्या. एक बाजाराच्या गावाहून येत होती, एक देवराईकडून, आणि एक पूर्वेची खिंड ओलांडून वळणे घेत उतरत होती. साऱ्या वाटा त्या कोऱ्या कागदाखाली शिरत होत्या. खिंडीपलीकडे तिच्या वडिलांचे गाव होते. म्हणजे लग्नानंतर आई दर सणाला याच वाटेने आली असणार. हे तिला आजवर सुचलेच नव्हते. तिने अर्धपारदर्शक कागदावर पेन्सिलीने त्या वाटा उतरवून घेतल्या. ग्रंथपालबाईंनी त्याच मापाचा नवा नकाशा काढून दिला, आणि तिने तो कागद त्यावर अंथरला. गाव, शेते, देऊळ सगळे धरणाच्या निळ्या रंगाखाली होते. वाटा मात्र निळ्याच्या बाहेर चहूकडे उरल्या होत्या.

तिने मान वर केली तेव्हा सर शेजारी येऊन उभे होते.

"नाव सापडलं की माणूस नकाशा वाचायचा थांबतो," ते म्हणाले. "म्हणून झाकलं. तू आईला एक ठिपका देणार होतीस. तो घेऊन ती काय करील, बाळ? ती गाव दाखव म्हणत नाही, माहेरी ने म्हणते. गाव बुडालं ते बुडालं, ते तुला, मला, कोणालाच परत आणता येणार नाही. पण गावाला जाणाऱ्या वाटा सगळ्या बुडत नसतात. पाण्यापर्यंतची वाट अजून शिल्लक आहे, तिथवर तरी तिला ने."

पुढल्याच रविवारी हेमांगीने आईला जीपने खिंडीपर्यंत नेले. तिथून दोघी उतरू लागल्या. वाटेवर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या, पण दगड जागच्या जागी होते, आणि आईचे पाय त्यांवर न चुकता पडत होते. शेवटच्या वळणाशी पाणी दिसले, आणि हेमांगी थबकली. आता ही रडणार, आणि इतक्या दूर आणून आपणच तिला रडवणार, असे तिला वाटले.

आई काठाशी बसली. तिने पायांवर पाणी घेतले, तोंड धुतले, पदराने पुसले, केस नीट बसवले.

"हे काय करतेस, आई?" हेमांगीने तिचा हात धरत विचारले.

"अगं, तोंड धुऊनच पुढं जायचं असतं. सासरहून रडत आलेली लेक आईला दिसू नये." मग तिने हेमांगीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "पुढची वाट मला ठाऊक आहे."

पण ती उठली नाही. पाण्याकडे पाहत तशीच बसून राहिली, कितीतरी वेळ, शांत, कोरड्या डोळ्यांनी. रडत होती ती हेमांगी. आईने वळून तिच्याकडे पाहिले.

"तूही धू तोंड," ती म्हणाली. "आजी बघेल."

हेमांगीने वाकून ओंजळभर पाणी घेतले आणि तोंड धुतले.