बाभळीचा खांब

रांजणपेठेच्या मुख्य रस्त्यावर कासारांचं दुमजली बांगड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची डागडुजी झाली, चुन्याचा नवा गिलावा आला, कौलं बदलली. दर्शनी बाजूला चार खांब. तीन सागवानी, कोरीव, तेलपाणी केलेले. चौथा मात्र ओबडधोबड बाभळीचा. पाहुणे विचारतात, पैसे संपले होते का? मग म्हातारे हैबतनाना सुतार ओट्यावर बसतात आणि पेठेची गोष्ट सांगतात.

हे दुकान सटवाजी कासारानं बांधलं. त्याला अकरा वर्षं लागली म्हणे. दोन मजले उंच, अखंड सागाचे चार खांब त्यानं बैलगाड्यांवरून आणवले आणि भिका सुताराकडून कोरून घेतले. खांबांवर त्याचा भारी जीव. कोणी टेकलं की डोक्याचं तेल लागतं म्हणून तो खेकसायचा. काम संपल्यावर खुद्द भिका क्षणभर टेकला, तर त्यालाही त्यानं उठवलं. पेठेला ते फार लागलं होतं.

पुढे एका श्रावणात नदी पेठेत शिरली. समोर वाण्याचं मातीचं घर होतं. त्याच्या माडीवर बायकापोरं धरून सतरा जण अडकले आणि खाली भिंत विरघळू लागली. रस्त्यात पाण्याला अशी ओढ होती की पोहणाराही टिकेना. बांबू, फळ्या केव्हाच वाहून गेल्या होत्या. या माडीवरून त्या माडीला पोचेल असं लांब लाकूड पेठेत एकच होतं, सटवाजीचा खांब.

सटवाजीनं खांबावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "भिका, घण आण."

"शेठ, खांब काढला तर माडी खाली येईल."

"येऊ दे. माडी परत बांधता येते."

भिकानं घण आणला, पण आधी बांगड्यांच्या रिकाम्या पेट्या ओट्यावर मांडल्या. त्यांवर चढून तो माडीच्या तुळईखाली वाकला. "आज तरी टेकू का पाठ?" त्यानं विचारलं. सटवाजीनं नुसते हात जोडले. भिकाच्या शेजारी मग एकेक करत अकरा जण वाकले. सटवाजीनं कधी ना कधी ओट्यावरून उठवलेलीच ही माणसं. खांब निघाला, आडवा पडला, आणि सतरा जण त्यावरून सरपटत अलीकडे आले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बारा पाठींनी ती माडी पेलली, असं सांगतात. इतकं वजन त्यांनी कसं पेललं, हे इंजिनिअरला विचारू नये. माडी हलली नाही, एवढं खरं.

सागाचा खांब पुरात गेला. पाणी उतरल्यावर सटवाजीनं त्या जागी बाभळीचा बुंधा उभा केला आणि ज्याला टेकायचं त्यानं खुशाल टेकावं, असं दवंडी पिटून सांगितलं.

डागडुजीच्या वेळी त्या बुंध्याला वाळवी लागलेली निघाली. इंजिनिअर साहेबांचं म्हणणं, आता सागच घालू, चारही एकसारखे दिसतील. पेठ अडून बसली. शेवटी नवी बाभूळ आली. बुंधा बदलायच्या दिवशी तुळईखाली लोखंडी जॅक होते, तरी दुकानं बंद करून माणसं पेट्यांवर चढली. साहेब म्हणाले, "वजन जॅकवर आहे, उतरा खाली." कोणी उतरेना. तेव्हा साहेबांनीच हेल्मेट काढून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी वाकले. हे सांगताना नानांची मान ताठ होते.

आजही पेठेत नवं दुकान टाकणारा आधी इथे येतो, बाभळीला पाठ टेकतो आणि मग आपलं कुलूप उघडतो. गेल्या महिन्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणारी शबाना आली. ती परगावची, कोणाला तिचं नावही धड ठाऊक नव्हतं. ती टेकून उभी राहिली तेव्हा सगळी पेठ हातातली कामं टाकून ओट्यासमोर येऊन थांबली होती.