माळावरचा शिरा

टेकडीवरच्या देवळाला अजून पायऱ्याही झाल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या माळावर ठिपकी नावाची कासवी राहायची. घोळीची पानं, टाकळा आणि निवडुंगाची बोंडं हे तिचं जेवण.

देवळातल्या माकडांना तिची कीव आली. "मावशी, तण कसलं खातेस?" म्हणत त्यांनी सगळा माळ उपटून स्वच्छ केला आणि ते रोज तिच्यापुढे प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण ठेवू लागले. दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून ठिपकी तो खायची. हळूहळू तिचे पाय लटपटू लागले.

एकदा माकडांचा म्होरक्या दगडूतात्या म्हणाला, "तुपातलं खाऊनही तोंड वाकडंच का गं तुझं?"

"तात्या, माझी पाठ दाबून बघा."

त्याने बोट टेकवलं. पाठ कच्च्या मडक्यासारखी आत गेली. त्याने हात झटकन मागे घेतला.

"घोळ खाऊन ही पाठ टणक राहायची," ठिपकी म्हणाली. "ती घोळच तुम्ही मला न विचारता उपटलीत. आता माझ्या अंड्यांतून पिल्लं येतील, ती काय खातील?"

"शिरा आहे की," तात्या पुटपुटला. "भलं करायला जावं, तर वर ऐकून घ्यायचं."

तो गेल्यावर ठिपकी माळभर हिंडली. एका कपारीत घोळीचं एकच रोप वाचलं होतं. पोटात आग पडली होती, तरी तिने त्याला तोंड लावलं नाही. ते बी धरेपर्यंत ती त्याच्यापुढे बसून राहिली, आणि द्रोण घेऊन येणाऱ्या प्रत्येक माकडाच्या अंगावर धावून गेली, कासवाला जमेल तेवढ्या वेगाने.