कोळीण आपल्याच जाळ्यात अडकली

मुलांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. त्या काळी कोळ्यांची जाळी अगदी कोरडी असत. एका रानात, ओढ्याच्या काठी, करवंदीच्या दोन झुडपांमध्ये जाळे बांधून एक कोळीण राहत असे. कोळीण म्हणजे मासळी विकणारी नव्हे बरे, आठ पायांची, आपल्या छपराच्या कोपऱ्यात दिसते ती. तिच्यासारखे विणकाम पंचक्रोशीत कोणाचे नव्हते. आधी ती बैलगाडीच्या चाकाला असतात तसे सरळ आरे घाली, मग त्या आऱ्यांवर गोल गोल फेरे. पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे असे काम. पण नुसत्या कौतुकाने पोट कोणाचे भरले आहे? माशी यायची, जाळ्यावर आपटायची, झोका घेतल्यासारखी मागे जायची आणि उडून जायची. कोळीण धावत पोहोचेपर्यंत जाळे तेवढे हलत असायचे.

एरवी तिने उपासही काढले असते. पण त्या वर्षी तिच्या पोटात अंडी होती. पावसाळा सरला होता आणि थंडी पडली की किडेमाश्या दिसेनाशा होणार होत्या. त्याआधी पोटभर खायला मिळाले नाही, तर अंडी घालण्याइतके बळ तिच्या अंगात उरणार नव्हते. या एका काळजीने तिला घेरले होते.

तिने धागा जाड करून पाहिला, तर माश्यांना तो लांबूनच दिसू लागला. बारीक केला, तर तुटला. फेरे दाट केले, तर त्यांत पालापाचोळा येऊन बसला. रोज नवा उपाय आणि रोज तीच फजिती. दिवस कलला की ती फसलेले जाळे गुंडाळून खाऊन टाकी. कोळ्यांची ती रीतच आहे. जुना धागा पोटात गेला की त्याचाच नवा निघतो. शेजारच्या झाडावरून खारूताई हे सारे पाही आणि शेपटी उडवून म्हणे, "कोळीणबाई, तुमचा कारभार म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे."

शेवटी एक दिवस कोळिणीने ठरवले, "आता धागाच चिकट करते." तिने अंगातला होता नव्हता तो डिंक काढला आणि साऱ्या जाळ्याला चोपडला. आरे नाही सोडले, फेरे नाही सोडले. मग पानाखाली जाऊन झोपली.

सकाळी उठून पाहते तो काय, तिचे आठही डोळे विस्फारले. जाळ्यावर माश्या होत्या, चिलटे होती आणि एक गलेलठ्ठ पतंगही होता. सगळे जागच्या जागी खिळलेले. आजवर इतके अन्न तिने एका ठिकाणी पाहिले नव्हते. ती आनंदाने धावली आणि थोडे पुढे जाऊन थांबली. पुढचा पाय उचलेना. मागचा उचलून पाहिला, तर तोही हलेना. कोळीण आपल्याच जाळ्यात अडकली होती.

ती सुन्न झाली. असे रानात कधी कोणी पाहिले नव्हते, कोणाच्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेही नव्हते. ओढ्यावर आलेला ससा पाणी प्यायचे विसरला. खारूताईच्या तोंडातले फळ खाली पडले. पतंग कोळिणीपासून वीतभर अंतरावर फडफडत होता आणि तिला तिथवर जाता येत नव्हते. "मीच विणले आणि मीच यात?" एवढेच ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. एकेक धागा तोंडाने तोडत ती दुपारी कशीबशी सुटली. तोवर जाळे फाटून सगळी शिकार ओढ्याच्या पाण्यात वाहून गेली होती.

"अति तिथे माती," खारूताई म्हणाली. "अहो, डिंक निम्मा करा. माशीही अडकेल आणि तुम्हालाही चालता येईल. मधला मार्ग केव्हाही बरा."

कोळिणीला ते पटले. मधला मार्ग म्हटले की कोणालाही चटकन पटते, कारण त्यासाठी फारसा विचार करावा लागत नाही. तिने फाटके जाळे खाल्ले आणि नवे विणून त्याला निम्मा डिंक लावला. मग काय झाले? माशी थोडा वेळ अडके आणि सुटून जाई. कोळीण थोडी चाले आणि अडकून बसे. दोघींची गाठ काही पडेना. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

अशीच ती जाळ्यात पाय सोडवत असताना कुंभारीण आली. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, भिंतीवर मातीची इवली मडकी करते ती. त्या मडक्यांत ती काय भरते, ठाऊक आहे? कोळी. डंख मारून लुळे केलेले, पण जिवंत. तिची पिले ते खाऊन वाढतात.

"अगबाई," कुंभारीण म्हणाली, "आज तर शिकार आयती बांधून ठेवली आहे."

आपण मडक्यात जाणार आणि आपली अंडीही आपल्याबरोबर संपणार, हे कोळिणीला लख्ख दिसले. कुंभारिणीने झडप घातली. कोळिणीने सारे बळ एकवटून हिसका दिला. काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि ती पाठीमागच्या धाग्याला लोंबकळत खाली गवतात पडली. कुंभारिणीचे पंख जाळ्याला लागले, ती क्षणभर अडकली आणि लगेच सुटली. निम्मा डिंक तिच्यापुढेही निम्माच पडला.

"उद्या येते," पंख पुसत ती म्हणाली. "तू तरी कुठे लांब जाणार आहेस?"

ऊन उतरल्यावर कोळीण वर चढली. फसलेले जाळे रीतीप्रमाणे खाऊन टाकायचे होते. तिने धागा तोंडात धरला आणि ती जागीच थबकली. समोरच्या आऱ्याला तिचा स्वतःचा पाय लटकत होता. आपले पाय आता सातच उरले आहेत, हे तिला तेव्हा कळले. तिला भडभडून आले. आपल्या हातच्या कामाने आपलाच घास घ्यावा, याचा तिला धक्काच बसला. एरवी तिने डोळे मिटून जाळे गिळले असते. पण त्या पायावरून तिची नजर हलेना, आणि म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने फसलेले जाळे खाण्याआधी निरखून पाहिले.

माश्यांचे तुटके पंख, चिलटांचे पाय, पतंगांच्या अंगावरची धूळ, सगळे फेऱ्यांना चिकटले होते. तिच्या स्वतःच्या ओढाताणीच्या खुणा होत्या त्या मात्र आऱ्यांवर. तिने जाळ्याच्या कडेकडेने फिरून पुन्हा पाहिले. आऱ्यावर एकही पंख नव्हता. फेऱ्यावर तिचे एकही पाऊल नव्हते. पाय गेल्याचे पाहून बसला नव्हता इतका धक्का तिला आता बसला. उत्तर रोज तिच्या डोळ्यांसमोर टांगलेले होते आणि ती ते रोज गुंडाळून खात आली होती.

ती पानावर बसली आणि स्वतःलाच एकेक प्रश्न विचारू लागली. "मला जाळे कसे हवे? पूर्ण चिकट. आणखी कसे हवे? पूर्ण कोरडे. दोन्ही खरे आहे, एकही सोडता येत नाही. मग चिकट कुठे हवे? माशी आपटते तिथे. कोरडे कुठे हवे? मी चालते तिथे. आणि आम्ही दोघी एका धाग्यावर असतो तरी कधी?" इतके दिवस ती डिंक किती लावू, हेच विचारत बसली होती. कुठे लावू, हे तिने विचारलेच नव्हते.

मग तिने जाळे खाल्ले. पाय तेवढा खाल्ला नाही. तो तिने करवंदीच्या काट्याला अडकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण बोलल्याप्रमाणे आली. कोळीण जाळ्याच्या मधोमध निवांत बसली होती. "आजही अडकलीस वाटते," म्हणत कुंभारिणीने झेप घेतली आणि ती फेऱ्यांवर आदळली. एक पंख चिकटला. तो सोडवायला गेली तर दुसरा चिकटला. तिने डंख उगारला, पण वळताच येईना. तेवढ्यात कोरड्या आऱ्यावरून, अंगणात फिरावे तशी सात पायांनी कोळीण चालत आली.

कुंभारीण डोळे फाडून पाहत राहिली. "तू यावर चालतेस कशी?" तिने विचारले. "काल तर तुझाच पाय इथे तुटला होता."

"जिथे तू आहेस, तिथे मी पाय ठेवतच नाही," कोळीण म्हणाली आणि तिच्याभोवती धागा गुंडाळू लागली. भिंतीवरचे मडके त्या दिवशी रिकामे राहिले.

खारूताई घाईघाईने खाली आली. "मग शेवटी डिंक केलात तरी किती? पाव?"

"फेऱ्यांना पूर्ण. आऱ्यांना एक थेंबही नाही."

खारूताईने वळून झाडावरच्या आपल्या ढोलीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "माझ्या ढोलीचे तोंड मोठे ठेवले तर साप आत शिरतो. लहान ठेवले तर माझी शेपटी अडकते. म्हणून मी ते मध्यम ठेवले आहे."

"आणि?"

"साप शिरतो आणि शेपटीही अडकते."

"मोठे कधी हवे आणि लहान कधी हवे, ते आधी बसून पाहा," कोळीण म्हणाली. "मग या, आपण बोलू."

थंडी पडण्याआधी कोळिणीने अंडी घातली आणि पुढे त्यांतून पिले निघाली. तेव्हापासून कोळ्याच्या जाळ्याचे आरे कोरडे असतात आणि फेरे चिकट. तुम्हीही कधी काडी लावून पाहा. पण म्हणतात की ती कोळीण पिलांना विणायला शिकवण्याआधी करवंदीजवळ नेत असे आणि काट्याला टांगलेला तो पाय दाखवत असे.

तात्पर्य : दोन उलट गोष्टी एकदम हव्या असतील, तर दोन्ही निम्म्या करून भागत नाही, कोणती कुठे हवी आणि कधी हवी, ते शोधावे. आणि फसलेले काम गिळून टाकण्याआधी ते एकदा डोळे उघडून पाहावे.