काका, काका, पाय उचला!

एक होती मुंगी. मोहरीएवढी. म्हणून तिचं नावच मोहरी.

मोहरी चालली होती घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. डोक्यावर काय? साखरेचा एक दाणा! वाणीदादांच्या दुकानापुढे सापडला होता. घरी होती तिची धाकटी बहीण, बारकी. बारकीला लागली होती भूक. भूक लागली की बारकी झोपत नसे, आणि दुसऱ्या कुणाला झोपू देत नसे.

तुरुतुरु, तुरुतुरु... धप्प!

एक गमबूट आला. मोठ्ठा! काळा! मोहरी टुणकन बाजूला उडाली. दाणा गेला बुटाखाली.

"अगं बाई! माझा दाणा!"

मोहरीनं वर पाहिलं. बुटात उभे होते शिरपतकाका. काकांना कपाळ होतं. काकांना डोळे होते. पण नाक कुठाय? तोंड कुठाय?

"काका, काका, तुमचं तोंड हरवलं?"

"हरवेल कशाला? मास्कच्या आत आहे," काका आतून बोलले.

"मग काका, काका, पाय उचला. माझा दाणा खाली आहे."

"कसा उचलू? हा चुन्याचा गोल बघ, केवढासा. माझा बूट बघ, केवढा! उचलला आणि गोलाबाहेर पडला म्हणजे? गोलाबाहेर जायचं नाही, असं सांगितलंय. पुढच्या गोलातल्या मावशी सरकल्या, की मीही पाय उचलीन."

मोहरीनं पुढे पाहिलं. रस्त्यावर गोलच गोल! एका गोलात एक माणूस. मग मोकळी जागा. मग पुन्हा गोल. पुन्हा एक माणूस.

"ही कसली बाई रांग? तुटलेली! मधली माणसं कुठे पळाली?"

मुंग्यांची रांग कशी असते? नाकाला शेपूट, शेपटीला नाक! मोहरीचं डोकं गरगर फिरलं. पण दाणा तर हवाच ना? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पुढच्या गोलात होत्या हौसामावशी. हातात छत्री. पाऊस नव्हता, ऊन होतं.

"मावशी, मावशी, पुढे सरका!"

"का गं?"

"मावशी सरकेनात,
काका पाय उचलेनात,
दाणा मला मिळेना,
घरची बारकी झोपेना.
मी करू तरी काय?"

मावशी म्हणाल्या, "दीदी सरकेना, तर मी कशी सरकू?"

"जा ना, तिच्याजवळ जाऊन उभ्या राहा. कट्टी घेतलीय का तुम्ही?"

"कट्टी कशाची? आजार आलाय गं. जवळ गेलं की एकाचा दुसऱ्याला होतो. म्हणून लांब उभं राहायचं."

"आवडतं माणूस असलं तरी?"

"आवडतं असलं तर अजूनच लांब!"

हात्तिच्या! मोहरीला काही म्हणजे काही कळलं नाही. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पुढच्या गोलात होती रेहानादीदी. हातात तेलाची किटली. टिंग टिंग वाजत होती.

"दीदी, दीदी, पुढे सरक!"

"का गं?"

"दीदी सरकेना,
मावशी सरकेनात,
काका पाय उचलेनात,
दाणा मला मिळेना,
घरची बारकी झोपेना.
मी करू तरी काय?"

दीदी म्हणाली, "तात्या सरकेनात, तर मी कशी सरकू?"

निघाली मोहरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

पहिल्या गोलात होते तात्या. पांढऱ्या भुवया. हातात काठी. टक टक.

"तात्या, तात्या, पुढे सरका!"

"का गं पोरी?"

"तात्या सरकेनात,
दीदी सरकेना,
मावशी सरकेनात,
काका पाय उचलेनात,
दाणा मला मिळेना,
घरची बारकी झोपेना.
मी करू तरी काय?"

तात्या म्हणाले, "वाणीदादा सामान देईनात, तर मी कसा सरकू?"

मोहरी चढली दुकानाच्या पायरीवर. दमली. धापा टाकल्या. मग चढली वजनकाट्यावर. काटा हललासुद्धा नाही!

"वाणीदादा, वाणीदादा, सामान द्या!"

"का गं?"

"वाणीदादा सामान देईनात,
तात्या सरकेनात,
दीदी सरकेना,
मावशी सरकेनात,
काका पाय उचलेनात,
दाणा मला मिळेना,
घरची बारकी झोपेना.
मी करू तरी काय?"

वाणीदादा म्हणाले, "हे काय! तांदूळ बांधले. डाळ बांधली. साखर बांधली. पण तात्या पिशवी विसरले! माझ्याकडच्या पिशव्या संपल्या. एका हातात काठी, मग एवढं सामान न्यायचं कशात? डोक्यावर?"

"मग तात्या, घरी जाऊन पिशवी आणा की!"

"मी येईपर्यंत दुकान बंद होईल गं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "हल्ली दुपारीच शटर लावतात."

वाणीदादा घड्याळाकडे बघत होते. टिक टिक. टिक टिक.

आता? वाणीदादा तात्यांकडे बघतात. तात्या वाणीदादांकडे बघतात. सगळे नुसते डोळे! मोहरीला रडूच आलं. पण रडत बसली तर बारकीचं काय? मोहरी उलटी फिरली. पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"दीदी, दीदी, पिशवी आहे?"

"नाही गं. किटलीच आहे."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"मावशी, मावशी, पिशवी आहे?"

"एकच आहे. ती मलाच लागेल."

तुरुतुरु, तुरुतुरु! राहिलं कोण? गमबूट! म्हणजे जिथून निघाली, तिथेच परत. काय हा घोळ!

"काका, काका, पिशवी आहे?"

"का गं?"

"पिशवी कुठे मिळेना,
वाणीदादा सामान देईनात,
तात्या सरकेनात,
दीदी सरकेना,
मावशी सरकेनात,
काका पाय उचलेनात,
दाणा मला मिळेना,
घरची बारकी झोपेना.
मी करू तरी काय?"

काकांनी खिसा चाचपला. घडी केलेली पिशवी निघाली. दुसऱ्या खिशातून आणखी एक!

"माझ्याकडे दोन आहेत की! आधी नाही का सांगायचं?"

"आधी मला तरी कुठे माहीत होतं!"

पण पिशवी पुढे न्यायची कशी? गोलाबाहेर तर जायचं नाही! मावशींनी छत्री मिटली. मागे केली. काकांनी पिशवी छत्रीच्या मुठीला अडकवली. मावशींनी छत्री पुढे केली. दीदीनं पिशवी घेतली. तात्यांनी काठी मागे केली. दीदीनं पिशवी काठीला अडकवली. झुलत झुलत पिशवी पोचली!

मग काय?

पिशवी मिळाली,
वाणीदादांनी सामान दिलं,
तात्या सरकले,
दीदी सरकली,
मावशी सरकल्या,
काकांनी पाय उचलला. धप्प!

मोहरी धावली. वाकून पाहते तर काय? दाणा नाहीच! बुटाखाली नुसतं पीठ. फू केलं तर उडेल एवढंसं.

मोहरी मटकन खाली बसली. "एवढी फिरले! एवढं बोलले! आता बारकीला काय देऊ?" ती हमसून हमसून रडायला लागली.

"चुकलं गं माझं. बघून पाय टाकायला हवा होता," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं.

टक टक. टक टक. तात्या घरी निघाले होते. लांबच थांबले.

"कोण रडतंय?"

"मोहरी," काका म्हणाले. "माझ्या बुटाखाली तिच्या दाण्याचं पीठ झालं."

तात्या हळूच खाली बसले. साखरेची पुडी सोडली. चिमूट भरली. मोहरीपुढे ठेवली. भुरभुर!

मोहरी बघतच राहिली. "एवढी? माझा तर एकच दाणा होता!"

"मी रोज घालतो तुम्हा मुंग्यांना साखर. घरातली संपली, म्हणून राहिलं. म्हणून तर आलो एवढ्या उन्हात."

मोहरी पुन्हा गोंधळली. "एक दाणा माझा. मग बाकीचे कुणाचे?"

"तुझ्या घरच्यांचे. जा, बोलाव सगळ्यांना."

मोहरी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु! मुंग्या आल्या. नाकाला शेपूट, शेपटीला नाक. डोक्याडोक्यावर दाणा घेऊन घरी गेल्या.

बारकीनं साखर खाल्ली. मटक मटक. पाय चाटले. जांभई दिली. आणि झोपली की हो बारकी!

आता हूं म्हणायला कोण जागं आहे? कुणीच नाही? मग गोष्टही झोपली.