मचाणावरची वाकळ

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावरच्या एका गावात एक शेतकरीण राहायची. तिचं नाव सारजा. घरी नवरा, लग्नाला आलेली एकुलती एक लेक ठकी, दोन बैल आणि काळ्या जमिनीचा एक तुकडा. तुकडा लहान, पण त्यात ज्वारी अशी यायची की वर्षभर कणगीचा तळ दिसायचा नाही.

सारजेच्या हाताला देणगी होती. ती वाकळ शिवायची. जुनी लुगडी, विटलेली धोतरं, कुणाच्या फेट्याचा तुकडा, असं एकावर एक अंथरायचं आणि धावदोरा घालत जायचं, हे तर त्या गावात सगळ्याच बायका करत. पण सारजेचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओळ अशी सरळ की जणू पाभरीने पेरलंय. बायका म्हणायच्या, "सारजे, तुझ्या वाकळेत निजलं की थंडीलाच थंडी वाजते गं!"

असं कुणी म्हटलं की सारजा पाघळायची. माणूसच ते.

त्या गावात एक रीत होती. लेक सासरी निघाली की आईने आपल्या हातची वाकळ तिच्यासोबत द्यायची. सासरच्या बायका पहिल्याच दिवशी ती अंगणात दोरीवर टाकायच्या आणि टाका न् टाका बघायच्या. काम बरं नसलं की पोरीला जन्मभर ऐकावं लागायचं, "आईला सुई धरता येत नव्हती वाटतं!"

ठकीचं लग्न माघात ठरलं होतं. वाकळ शिवायचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचे. तेव्हा शेतं मोकळी असतात आणि हातही. पण तो सगळा उन्हाळा सारजेने गावाच्या वाकळा शिवण्यात घालवला. पाटलीणबाईंची झाली, सुतारणीची झाली, देवळातल्या गुरवाच्या सुनेचं बाळंतपणाचं दुपटं झालं. कुणी दारात गाठोडं घेऊन आलं की सारजेच्या तोंडून 'नाही' निघायचंच नाही.

नवरा विचारायचा, "अगं, आपल्या ठकीची कधी?"

"होईल हो. घरचंच तर आहे!"

उन्हाळा सरला. मग कुळवणी आली, पेरणी आली, खुरपणी आली. ठकीची वाकळ आपली गाठोड्यातच. पौष उजाडला तेव्हा सारजेला घाम फुटला. लग्न तोंडावर आलेलं, आणि नेमकी तेव्हाच ज्वारी दुधात आलेली.

आता ज्वारी दुधात येते म्हणजे कणसात दाणा भरतो, पण अजून कोवळा, गोड असतो. पाखरांना तोच आवडतो. त्या दिवसांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत मचाणावर उभं राहावं लागतं. हातात गोफण आणि डोळे पिकावर. बाकी काही नाही.

सारजा मचाणावर चढली ती गाठोडं घेऊनच.

शेजारच्या शेतात धुरपाकाकी होती. गावात कुणाच्या घरी काय शिजलं, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. तिने बांधावरूनच हाक मारली, "सारजे, पाखरं राखतेस की सुई?"

"दोन्ही, काकी."

"दोन्ही म्हणजे एकही नाही, बाई. माझं ऐक. ती वाकळ टाक खाली, चार ओळी मी घालते. नाहीतर तू घरी बसून शीव, तुझी गोफण मी धरते."

"नको, काकी. नवरीच्या वाकळेत दुसऱ्याचा टाका नको."

"हे कुणी सांगितलं? माझ्या वाकळेत तिघी चुलत्यांचे टाके होते. म्हणून काय मी जन्मभर उघडी निजले?"

सारजा हसली, पण वाकळ काही तिने दिली नाही. खरं सांगायचं तर तिला रीतीची एवढी काळजी नव्हती. सासरच्या बायका वाकळ न्याहाळतील तेव्हा त्यात धुरपाकाकीचे बोटाएवढे टाके दिसू नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

ठकीसुद्धा म्हणाली, "आई, मी बसते की मचाणावर. त्यात काय एवढं?"

"खुळी की काय तू? हळद लागायची आलीये आणि उन्हात उभी राहतेस? तिकडची माणसं म्हणतील, बुजगावणं उचलून आणलं. जा, भाकरी टाक जा."

झालं. सारजा मांडीवर वाकळ घेऊन मचाणावर बसू लागली. पहिल्यांदा ती टाका थांबवायची, उठायची, गोफण गरगरा फिरवायची, आणि थवाच्या थवा भुर्रकन उडून जायचा. पण उठलं की दोरा गुंतायचा, ओळ वाकडी जायची. मग ती बसल्या बसल्याच दगड भिरकावू लागली. मग तेही सुटलं. खाली मान घालून टाका घालता घालता ती नुसतीच ओरडायची, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ होऽऽ!"

आवाज तिचा खणखणीत. पार विहिरीपर्यंत जायचा. तिथे तिचा नवरा हरभऱ्याला पाणी देत मोट हाकत असायचा. तो आवाज ऐकला की मनात म्हणायचा, 'चला, राखण चालू आहे,' आणि निश्चिंत होऊन बैलांच्या मागे चालायचा.

पाखरं पहिल्या आरोळीला उडाली. मग नुसती एका कणसावरून दुसऱ्या कणसावर सरकू लागली. आणि मग त्यांनी मानसुद्धा वर करायचं सोडून दिलं. मुका जीव तो, त्याला आपली बोली कळत नाही. पण आवाजामागून दगड येतो की नाही, हे त्याला बरोबर कळतं.

एके दिवशी दुपारी नवऱ्याच्या मनात आलं, घरी सगळ्यांसाठी हुरडा भाजावा. म्हणून तो कणसं मोडायला पिकात शिरला. कडेची ताटं भरलेली, तजेलदार. दहा पावलं आत गेला आणि थबकला. आत सगळा भुसा. कणसं उभी होती, पण हातात घेतली तर पिसासारखी हलकी. आणखी आत गेला. तिथेही तेच. पायाखाली नुसती टरफलं वाजत होती.

तो मचाणापाशी आला. वर चढला नाही. हातातली कणसं त्याने वर, तिच्या मांडीवरच्या वाकळेवर टाकली.

"हे बघ."

सारजेने बघितलं. पहिल्यांदा तिला कळेचना. मग तिने मान वर करून शेताकडे नजर टाकली, आणि शेताच्या मधोमध चिमण्यांचा ढगच्या ढग शांतपणे एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला बसताना तिला दिसला.

"पण मी तर दिवसभर ओरडत होते हो!"

"तेच तर ऐकत होतो मी," तो म्हणाला.

तो तिला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

मळणीला खळ्यात जेवढं धान्य पडलं ते एका टोपल्यात मावलं. कडबा मात्र भरपूर निघाला. त्या साली बैलांची पोटं भरली, माणसांची राहिली.

लग्न काही मोडता येत नव्हतं. धुरपाकाकी सूपभर ज्वारी घेऊन आली. तिला बघून ज्या ज्या घरी सारजेच्या हातची वाकळ होती त्या त्या घरून सूप सूप आलं, आणि मांडव निभावला. वाकळही पुरी झाली होती. ठकी ती घेऊन सासरी गेली. जाताना ती आईच्या गळ्यात पडली, पण वाकळेकडे तिने एकदाही बघितलं नाही.

लग्नात कणगी झाडून रिकामी झाली. नवरा दुसऱ्या गावी कुणाच्या तरी बैलामागे राबायला गेला. मागे सारजा एकटी. कधी भाजीपाला, कधी हरभऱ्याच्या घुगऱ्या, कधी धुरपाकाकीकडची उसनी भाकरी.

चैत्रात एके दिवशी ऊन तापायच्या सुमाराला ठकीची सासू दारात उभी राहिली. सकाळीच घरून निघून, नदी ओलांडून, चालत आली होती. हात धरून म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या हाताला काय म्हणावं! आमच्या आळीतल्या बायका तीन दिवस वाकळ बघायला येत होत्या. आमच्या धाकटीलाही अशीच एक शिवून द्या बाई."

सारजेचा जीव सुपाएवढा झाला. याच शब्दांसाठी तिने सगळं केलं होतं. "बसा हो, भाकरी टाकते," म्हणत ती आत पळाली. चूल पेटवली, तवा ठेवला, आणि पिठाच्या मडक्यात हात घातला.

मडकं रिकामं होतं. परवाच ते झटकून झालं होतं, आनंदात ती विसरली होती.

काकीकडे जावं? कालच गेली होती. परवाही. आणि जायचं तरी विहिणीच्या समोरूनच, पदराखाली भांडं घेऊन. ती तशीच चुलीपुढे बसून राहिली. तवा तापला, तापून धुरकटला. भाकरी थापल्याचा आवाज काही बाहेर गेला नाही.

विहीण जाणती बाई. थोडा वेळ बसली, मग उठली. "येते मी, विहीणबाई. जेवूनच निघाले होते हो," असं म्हणाली. ओठ सुकलेले होते तिचे. तांब्याभर पाणी प्यायली आणि आल्या वाटेने उन्हात चालू लागली.

सारजेला दारात येऊन सांगायचं होतं, ठकीला काही बोलू नका. पण ती चुलीपुढून उठली नाही.

पुढच्या बाजाराला धुरपाकाकी ठकीच्या सासरच्या गावी गेली, आणि परत आली ती गप्प गप्प. एरवी तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही, आज ती उंबऱ्यावर बसून नुसती पदराशी चाळा करत होती.

"काकी, ठकी भेटली का?"

"भेटली."

"सुखात आहे ना?"

"आहे गं. तिकडे बायका म्हणतात, वाकळ झकास, पण माहेरी चूल थंड." काकीने डोळे पुसले. "आणि अक्षयतृतीयेला माहेरी येत नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, आई वाट बघेल. तर म्हणते कशी, 'नको काकी, माझं एक ताट तरी वाचेल.'"

 सारजा नदीकडच्या वाटेकडे बघत राहिली. त्या वाटेने त्या सणाला कुणी आलं नाही.

तात्पर्य, बाळांनो, एवढंच: ज्या कामाला डोळे लागतात ते नुसत्या आवाजाने होत नाही. आणि दोन कामं एकदम अंगावर आली, तर मदतीला पुढे आलेला हात त्याचा टाका लांब आहे म्हणून परत पाठवू नये.