पदवीचा माग

माणूस मेला, तर त्यानं कमावलेली पदवी कुठं जाते? मी गावात सगळ्यांना विचारलं. जो तो दरबाराकडं बोट दाखवी. मग काय, उठलो आणि थेट दरबारात घुसलो!

"महाराज, माझ्या दादाची पदवी द्या! दौलत त्याचं नाव. तुमच्या पाठशाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तिथंच तापानं गेला."

महाराज म्हणजे हट्टी माणूस. "पदवी घेणाऱ्यानं स्वतःच्या पायांनी चालत यावं, हा आमचा नियम! त्याला चालत आण, आत्ता देतो."

पाठशाळेचे मुख्य गदाधरशास्त्री मिशीत हसले. "अरे, हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे? पद म्हणजे पाऊल. पावलांनी पडलेल्या वाटेला संस्कृतात पदवी म्हणत. जो चालत येत नाही, त्याला कसली पदवी!"

"म्हणजे पदवी हा पावलांचा माग?"

"तसं समज हवं तर."

"मग शास्त्रीबुवा, अडकलात!"

"मी?"

"तुम्हीच! आम्ही गावचे जागले. चोरी झाली की माग काढतो. माग ज्या गावाच्या शिवेत शिरला, त्या गावानं तो पुढं गेलेला दाखवायचा. नाही दाखवता आला, तर गेलेला माल त्यानंच भरून द्यायचा. महाराज, हा कायदा कुणाचा?"

"आमच्या आजोबांचा," महाराज सावरून बसले.

"दादा शेवटच्या वेळी घरून निघाला, तेव्हा त्याची पावलं पाठशाळेच्या दारात शिरली. शास्त्रीबुवा, बाहेर पडलेली दाखवा!"

"अरे, पण त्याला तर चौघांनी खांद्यावर..."

"म्हणजे बाहेर आली ती चौघांची पावलं! दादाची आतच राहिली. माग तुमच्या दारात संपला. आता भरा पदवी!"

शास्त्रीबुवा शेंडी चाचपू लागले. महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले.

"शास्त्रीबुवा, आजोबांनी धरलं आपल्याला! लिहा पदवी!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी माझ्या हातात घातलं. "आणखी काय हवं, बोल."

"पदवी देताना नाव पुकारता ना? तसं पुकारा. मोठ्यानं!"

महाराज स्वतः उभे राहिले. "दौलत रायाजी जागले!"

आणि दादासाठी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हजर!"